मोठ्या कंपनीत जावे, पण कोणत्या टेबलावर?

वाचकाचा प्रश्न : सांगली जिल्ह्यातील एका 26 वर्षांच्या वाचक तरुणीचे हे पत्र आहे. एम.कॉम. झाल्यानंतर गेली तीन वर्षे त्या एका सीएंच्या कार्यालयात ऑडिट आणि जीएसटीचे काम करीत आहेत. गुंतवणूक विश्लेषणाच्या सीएफए या आंतरराष्ट्रीय परीक्षेची पहिली लेव्हल त्या उत्तीर्ण झाल्या असून पुढे म्युच्युअल फंडात किंवा ब्रोकरेज संस्थेत समभाग संशोधक म्हणून काम करावे, अशी त्यांची इच्छा आहे. वित्तीय माहिती पुरविणाऱ्या एका मोठ्या परदेशी कंपनीच्या नवी मुंबई कार्यालयातून त्यांना ‘डेटा रिसर्च ॲनालिस्ट’ या पदाचे ऑफर लेटर आले आहे आणि पगार आजच्या दुपटीहून थोडा अधिक आहे. वडील निवृत्त शिक्षक असून शेअर बाजारात नियमित व्यवहार करतात. त्यांच्या मते एवढ्या नावाच्या कंपनीत शिरकाव झाला की जन्माची काळजी मिटली. पुण्यात आयटीत असलेले दाजी म्हणतात की ही निव्वळ डेटा एन्ट्री आहे आणि दोन वर्षांत हे काम संगणकच करू लागेल. कार्यालयातील सरांचा सल्ला असा, की इथेच राहून सीए करावे. “ही नोकरी म्हणजे वर जाण्याची पायरी आहे की अडकण्याची जागा, हे मला ठरविता येत नाही,” असे त्या लिहितात.

उत्तर : तुमच्या पत्रात तीन वडीलधाऱ्यांची तीन मते अगदी सविस्तर आली आहेत, परंतु त्या कंपनीत गेल्यावर सकाळी संगणक उघडून तुम्ही नेमके काय करणार आहात, याबद्दल एकही वाक्य नाही. मुलाखतीत तुम्ही ते विचारले नाही, की विचारूनही गोलमोल उत्तर मिळाले, हे मला पत्रावरून समजत नाही. तुमच्या प्रश्नाचे निम्म्याहून अधिक उत्तर मात्र तिथेच दडलेले आहे, कारण अशा कंपनीत ‘ॲनालिस्ट’ हे पद फार निरनिराळी कामे करणाऱ्या माणसांना दिलेले असते.

प्रथम वडिलांच्या म्हणण्याचा विचार करू, कारण त्यात तथ्य आहे आणि ते अर्धवटही आहे. ब्लूमबर्ग, एस अँड पी ग्लोबल, मूडीज, एमएससीआय, फॅक्टसेट, मॉर्निंगस्टार या वित्तीय माहिती विकणाऱ्या कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग वार्षिक वर्गणीतून येतो. बाजाराची माहिती पडद्यावर देणाऱ्या ब्लूमबर्गच्या एका टर्मिनलसाठी ग्राहकाला वर्षाला 20,000 डॉलरहून अधिक मोजावे लागतात आणि बँका, विमा कंपन्या व फंड हा खर्च मंदीतही सहसा थांबवीत नाहीत, कारण त्यांच्या आतील सगळ्या प्रणाली त्या माहितीवर बेतलेल्या असतात. त्यामुळे बाजार पडला की ब्रोकरेज संस्थांमध्ये जशी माणसे कमी होऊ लागतात, तसे येथे लगेच होत नाही. हा या क्षेत्राचा खरा गुण आहे आणि तुमच्या वडिलांना तो बरोबर जाणवला आहे.

पण कंपनी टिकणे आणि तिच्यातील तुमची जागा टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या क्षेत्राला विलीनीकरणांची फार हौस. थॉमसन रॉयटर्सने आपल्या वित्तीय विभागातील 55 टक्के हिस्सा 2018 मध्ये ब्लॅकस्टोनच्या नेतृत्वाखालील गुंतवणूकदारांना विकला, त्यातून रिफिनिटिव्ह उभी राहिली आणि जानेवारी 2021 मध्ये तीच कंपनी लंडन स्टॉक एक्स्चेंज समूहाने घेतली. बंगळुरूच्या कार्यालयात एकाच खुर्चीत बसलेल्या माणसाने तीन वर्षांच्या आत तीन मालक पाहिले. फेब्रुवारी 2022 मध्ये एस अँड पी ग्लोबल आणि आयएचएस मार्किट एक झाल्या. दोन कंपन्या एकत्र आल्या की तीच माहिती जमविणारे दोन चमू राहतात, आणि त्यांतील एकाची गरज उरत नाही. (ब्लूमबर्ग कंपनीचा जन्मही अशाच व्यवहारातून झाला, हे येथे आठवते. 1981 मध्ये सॉलोमन ब्रदर्स ही संस्था विकली गेली, तिच्यातून मायकल ब्लूमबर्ग यांना बाहेर पडावे लागले आणि हाती आलेल्या पैशांतून त्यांनी स्वतःची कंपनी काढली. नोकरी गेलेल्या प्रत्येकाला एक कोटी डॉलर मिळत नाहीत, हे सांगायला नकोच.) तेव्हा जन्माची काळजी मिटेल या हिशेबाने तेथे जाऊ नका. पुढील दोन-तीन वर्षांपुरता बऱ्यापैकी स्थिर आधार एवढेच या नोकरीला धरा.

आता दाजींचे मत. ते आयटीतील आहेत, त्यामुळे यंत्राला काय जमते हे ते जाणतात, पण लेखाशास्त्रात माहिती म्हणजे काय असते याचा त्यांना अंदाज असेलच असे नाही. तो तुम्हाला आहे. 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे भाडेकरारांच्या नोंदीविषयीचे लेखामानक लागू झाले, तेव्हा भाड्याच्या जागांवर चालणाऱ्या कंपन्यांच्या ताळेबंदांचे काय झाले ते आठवा. तोवर दुकानांचे किंवा चित्रपटगृहांचे भाडे हा सरळ खर्च म्हणून वजा होत असे. त्यानंतर त्याचा मोठा भाग घसारा आणि व्याज या रूपांत खाली सरकला आणि कागदावरचा एबिटा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा) धंद्यात काहीही न बदलता एकदम फुगला. जगभरातील फंड व्यवस्थापक माहिती कंपनीच्या एका कोष्टकात 2018-19 आणि 2019-20 हे आकडे शेजारी शेजारी पाहतो, तेव्हा ती तुलना त्याची फसगत करणार नाही अशा रीतीने कोणीतरी ते बसविलेले असतात. अपवादात्मक बाब कोणती मानायची, इतर उत्पन्नात काय धरायचे, एकास एक बोनस दिल्यावर मागील दहा वर्षांचे प्रति समभाग उत्पन्न कसे निम्मे करायचे, उपकंपनी विकल्यावर जुने आकडे बदलायचे की नाही, हे निर्णय डेटा एन्ट्रीचे नाहीत. त्यांत चूक झाली तर त्या चुकीवर लोक पैसे लावतात. फेब्रुवारी 2023 मध्ये एमएससीआयने अदानी समूहाच्या काही कंपन्यांचे बाजारात खरोखर खुले असलेले समभाग फेरतपासणीनंतर कमी धरले, तेव्हा निर्देशांकातील त्यांचे वजन घटले आणि त्या निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांना त्यानुसार विक्री करणे भाग पडले. वरकरणी ती एका कोष्टकातील एका रकान्याची दुरुस्ती होती.

तरीही दाजींची शंका झटकून टाकू नका. अहवालातील आकडा उचलून ठरलेल्या रकान्यात ठेवणे, एवढेच ज्याचे काम आहे, त्याला धोका आहेच, आणि तो कालपरवाचा नाही. अमेरिकेत 2009 पासून कंपन्यांना आपली विवरणे टप्प्याटप्प्याने एक्सबीआरएल या यंत्राला वाचता येणाऱ्या स्वरूपात देणे सक्तीचे झाले, आपल्याकडे कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2010-11 या आर्थिक वर्षापासून तेच सुरू केले, आणि तेव्हापासून आकडे उचलण्याचे काम माणसाच्या हातून सुटत चालले आहे. आता टिपा, खुलासे आणि विश्लेषकांशी झालेल्या चर्चेचे मजकूरही यंत्रे वाचू लागली आहेत. दुसऱ्या बाजूने नवे कामही येते. बाजार नियामक सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीविषयीचा बीआरएसआर अहवाल सक्तीचा केला, तेव्हा तो वाचून अर्थ लावणारी माणसे लागलीच. म्हणून ‘हे काम राहील का’ यापेक्षा ‘या कामातील कोणता भाग माझ्या वाट्याला येईल’ हा प्रश्न तुम्ही विचारायला हवा.

येथे टेबलांचा मुद्दा येतो. एका टेबलावर अहवालांतून आकडे घेतले जातात. दुसऱ्यावर त्यांची छाननी होते, न जुळणारे आकडे शोधले जातात आणि कोणत्या आकड्याची व्याख्या काय असावी हे ठरते. तिसरे टेबल ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देते. फंडातला माणूस फोन करून ‘तुमचा कर्जाचा आकडा आमच्याशी का जुळत नाही’ असे विचारतो आणि तुम्हाला तो पटवून द्यावा लागतो. निर्देशांक, पतमापन (क्रेडिट रेटिंग) आणि संशोधन यांची टेबले निराळी, आणि सॉफ्टवेअरची तर वेगळी दुनियाच आहे. तुमचे लक्ष्य संशोधन असेल तर पहिल्या टेबलावर फार काळ बसणे तुमच्या उपयोगाचे नाही. दुसरे टेबल ताळेबंद वाचायला इतके शिकविते की ब्रोकरेज संस्थेतील नवशिक्यालाही तेवढी संधी मिळत नाही, कारण तो वर्षभर दहा-पंधरा कंपन्यांत रमलेला असतो आणि येथे तुमच्यासमोरून शेकडो कंपन्यांचे हिशेब जातात. तिसरे टेबल अनेकांना हलके वाटते, पण बाहेरच्या संशोधकांशी रोज बोलण्याची सोय तेथेच असते आणि बाहेर पडण्याच्या वाटाही बऱ्याचदा तेथूनच फुटतात. निवड करायला मिळाली तर मी तुम्हाला दुसरे किंवा तिसरे घ्यायला सांगेन.

या क्षेत्राचा सर्वात मोठा तोटा मला पगारात किंवा यंत्रांत दिसत नाही. तो असा की येथे कमावलेले बरेचसे कौशल्य त्या एका कंपनीपुरतेच असते. तिची अंतर्गत प्रणाली, तिचे संकेतांक, तिची कोष्टके, तिचे अपवादांचे नियम यांत माणूस चार-पाच वर्षांत तज्ज्ञ होतो, वरिष्ठही होतो, आणि बाहेर मुलाखतीला गेला की समोरचा विचारतो, ‘तुम्ही कोणत्या कंपनीवर मत मांडले होते? ते बरोबर निघाले का?’ मत मांडणे हे त्याचे कामच नसते, किंबहुना मत न मिसळता आकडा देणे हीच तेथील शिस्त असते. ती शिस्त चांगली आहे, पण संशोधकाच्या नोकरीत तिच्या पुढचे मागितले जाते. तुम्ही ज्याला अडकण्याची जागा म्हणता ती हीच, आणि पगार बरा, वातावरण सभ्य, शनिवार-रविवार सुट्टी असे सगळे असल्यामुळे माणूस तेथे अडकला आहे हे त्याला उशिरा कळते.

त्यावर एक उपाय तुमच्याच भागात आहे. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील फाउंड्री आणि साखर या धंद्यांची कागदपत्रे तुमच्या सरांच्या कार्यालयात तुम्ही हाताळली असतील. साखर कंपनीचा गळीत हंगाम हिवाळ्यात चालतो, म्हणून तिच्या एका तिमाहीची आधीच्या तिमाहीशी तुलना निरर्थक ठरते, हे मुंबईत वाढलेल्या संशोधकाला शिकावे लागते. तुम्हाला ते ठाऊक असते. अशा एखाद्या नोंदणीकृत कंपनीवर स्वतःचा पंधरा-वीस पानांचा अभ्यास लिहा, दर सहा महिन्यांनी तो सुधारा, आपला कोणता अंदाज चुकला ते त्यातच नोंदवा, आणि त्यासाठी नोकरीतील माहिती न वापरता फक्त सार्वजनिक कागदपत्रे वापरा. ज्या कंपनीचा अभ्यास कराल तिचे शेअर घेऊ नका. जोडीला एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची संशोधन विश्लेषकांसाठी असलेली पंधराव्या मालिकेची परीक्षा देऊन ठेवा, कारण या पेशात येणाऱ्याकडे ते प्रमाणपत्र मागितलेच जाते.

कामाच्या वेळा हा दुसरा मुद्दा, आणि तो तुमच्या अभ्यासाशी थेट भिडतो. सेबीच्या नियमानुसार नोंदणीकृत कंपन्यांना तिमाहीचे निकाल 45 दिवसांत आणि वर्षाचे लेखापरीक्षित निकाल 60 दिवसांत जाहीर करावे लागतात. त्यामुळे 14 ऑगस्ट, 14 नोव्हेंबर, 14 फेब्रुवारी आणि 30 मे या तारखांपूर्वीचे आठवडे भारतीय कंपन्या पाहणाऱ्या चमूसाठी अतिशय धावपळीचे असतात. संध्याकाळी सातनंतर निकालांचा लोंढा येतो आणि त्या दिवसांत रजा मिळत नाही. सीएफएच्या दुसऱ्या लेव्हलची परीक्षा मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये असते. तुम्ही दोन्ही कॅलेंडरे शेजारी ठेवली तर अडचण लगेच दिसेल. अमेरिकी कंपन्यांचा चमू मिळाला तर निकालांची गर्दी जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये येते, म्हणजे परीक्षेच्या दृष्टीने सोयीचे. पण तिकडचा बाजार संपल्यावर निकाल येतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे दीड किंवा अडीच वाजलेले असतात. रात्रपाळीबाबत महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा तुमच्या बाजूचा आहे. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीनेच काम देता येते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या प्रवासाची व्यवस्था करणे मालकाला बंधनकारक असते. गाडी दारापर्यंत येते की मुख्य रस्त्यावर सोडते, एवढे मात्र आधी विचारून घ्या.

वडिलांच्या शेअर व्यवहारांविषयी तुम्ही ओघात लिहिले आहे, मी मात्र तेथे थांबलो. अशा कंपन्यांत, विशेषतः पतमापन आणि निर्देशांक यांच्याशी संबंध असेल तर, कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक खरेदी-विक्रीवर कडक नियम असतात; आधी परवानगी घ्यावी लागते, काही समभाग घेताच येत नाहीत, डिमॅट खात्यांची माहिती द्यावी लागते. सेबीच्या 2015 च्या अंतर्गत व्यवहारविरोधी नियमांत निकटच्या नातेवाइकांच्या व्याख्येत पती किंवा पत्नी तर येतातच, शिवाय आर्थिकदृष्ट्या अवलंबून असलेले किंवा व्यवहाराचे निर्णय तुमच्याशी बोलून घेणारे आई-वडील, भावंडे आणि मुलेही येतात. तुमच्या नावाचे डिमॅट खाते वडील चालवीत असतील किंवा खाते दोघांच्या नावावर असेल, तर रुजू होण्यापूर्वी ते वेगळे करा आणि कंपनीचे धोरण त्यांना स्वतः वाचायला द्या. ‘पोरगी आतली बातमी सांगते’ असे कट्ट्यावर कोणी गमतीने म्हटले तरी त्रास तुम्हाला होऊ शकतो.

पगाराच्या दुपटीबद्दल थोडक्यात. प्रस्तावातील आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरील एकूण वार्षिक खर्चाचा, असेल, तर त्यात भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीनुसार मिळणारा भाग धरलेला असतो. यांतील ग्रॅच्युइटी कायम कर्मचाऱ्याला साधारणतः पाच वर्षांनंतरच हाती येते, आणि तुम्ही तेथे पाच वर्षे राहणार नसाल तर ती हिशेबातून वगळा. सांगलीत घरचे जेवण आणि घरचे छप्पर आहे. नेरूळ किंवा जुईनगरला दोघी-तिघींनी मिळून घेतलेल्या घराचे भाडे, अनामत आणि खानावळ वजा करून जे उरेल, त्याची आजच्या शिलकीशी तुलना करा.

सरांच्या सल्ल्यात मला आपुलकी दिसते आणि थोडी स्वतःची सोयही दिसते, पण तो विचारात घेण्याजोगा आहे. पदवीला आवश्यक तेवढे गुण असतील तर तुम्हाला थेट सीए इंटरला प्रवेश मिळेल. मात्र तीन वर्षे नोकरी म्हणून केलेले काम आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीएच्या हाताखालील सक्तीच्या प्रशिक्षणात, धरले जाणार नाही, ती दोन वर्षांची आर्टिकलशिप नव्याने करावी लागेल आणि त्या काळात आजच्याइतकाही पगार नसेल. स्वतःची प्रॅक्टिस करायची असेल तर हा मार्ग उत्तम आहे. तुम्हाला संशोधन करायचे आहे, असे तुम्हीच लिहिले आहे, आणि सीएफएची एक लेव्हल पार झाली आहे. तेव्हा आता रस्ता बदलण्याचे कारण मला दिसत नाही. सीएफए सनदेसाठी किमान 36 महिन्यांत 4,000 तासांचा संबंधित अनुभव लागतो, आणि गुंतवणुकीच्या निर्णयाला हातभार लावणारे विश्लेषण तुमच्या कामात असेल तर या कंपनीतील तास त्यात धरले जाऊ शकतात. जीएसटीची विवरणे भरण्याचे तास त्यात धरले जाणे कठीण आहे.

माझे मत जाण्याच्या बाजूने आहे, पण आज होकार कळवू नका. मनुष्यबळ विभागाला आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचे आहे त्या व्यवस्थापकांना एक नम्र ई-मेल लिहा. कोणत्या देशाच्या आणि क्षेत्राच्या कंपन्या तुमच्याकडे असतील, आकडे घेणे आणि आकडे तपासणे यांत दिवस कसा विभागला जाईल, किती काळानंतर दुसऱ्या विभागात अर्ज करता येतो आणि मागील दोन वर्षांत या चमूतून कोणी संशोधन किंवा निर्देशांक विभागात गेले का, हे विचारा. पाळीची वेळ, नोटीस कालावधी आणि काही बाँड असल्यास त्याची अट हेही लेखी मागा. नोटीस 90 दिवसांची असेल तर पुढची नोकरी शोधताना ती आडवी येते, हे लक्षात ठेवा. उत्तरे नीट आली तर जा, आणि दीड-दोन वर्षांनंतरही तुम्ही पहिल्याच टेबलावर असाल तर पगारवाढीची वाट न पाहता बाहेर अर्ज सुरू करा. उत्तर टाळले गेले, किंवा ‘आल्यावर बघू’ असे म्हटले गेले, तर हे काम पहिल्या टेबलाचेच आहे असे समजून निर्णय घ्या.

अशीच पत्रे अभियंत्यांकडूनही येतात. त्यांचे गणित थोडे वेगळे आहे. प्रोग्रॅमिंग कंपनी बदलली तरी उपयोगी पडते, तेव्हा अंतर्गत प्रणालीत अडकण्याची भीती त्यांना तुलनेने कमी असते. मात्र जुन्या प्रणालीची केवळ देखभाल वाट्याला येणार आहे की नवे काही उभारायचे आहे, हे त्यांनीही विचारावे. आणि ज्यांच्यावर घराचे हप्ते आहेत, ज्यांना संशोधक वगैरे व्हायचे नाही, नियमित वेळेचे, सभ्य, डोके वापरायला लावणारे काम हवे आहे, त्यांनी वरील इशाऱ्यांनी घाबरून जाऊ नये. त्यांच्यासाठी दुसऱ्या टेबलावरची दहा वर्षे ही चांगली नोकरी आहे.

तुमच्यापुरती शेवटची गोष्ट रुजू होण्याच्या तारखेची. सरांकडे टॅक्स ऑडिटची मुदत साधारणतः 30 सप्टेंबरची असते. कंपनीकडून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील तारीख मागून घ्या. एवढी मुदत बऱ्याचदा मिळते. लेखी उत्तर आणि तारीख हाती आल्यावरच सरांना सांगा, हाती असलेल्या फायली पूर्ण करून द्या आणि अनुभवाच्या दाखल्यात ‘लेखापरीक्षण’ हा शब्द व कालावधी स्पष्ट लिहून घ्या, कारण पुढे संशोधनाच्या मुलाखतीत त्या तीन वर्षांचे मोल तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त असेल.